काठावरचा बांबू

त्या सकाळी बाबा दारात कोयत्याला धार लावत होते आणि मी अनुदानाचा अर्ज भरत होते. नदीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून काठावर झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार पैसे देणार होतं. पण काठ मोकळा हवा, असं मी बाबांना सांगितलं होतं. आमच्या सर्वण गावातल्या शेताच्या काठावर तर त्यांनीच तरुणपणी लावलेला बांबू होता, शेतातली माती आणि खत नदीत जाऊ नये म्हणून.

बाबांना वाचता येत नव्हतं. "बाय, सगळें वाचलें मगे?" त्यांनी विचारलं.

"दोन कपाटं पुस्तकं वाचलीत मी, बाबा. एक अर्ज वाचता येणार नाही?"

ते हसले. "बरें तर. शाणेपण तुजें, कोयतो माजो."

दिवसभरात त्यांनी बांबू तोडला, मुळंही खणून काढली.

दुसऱ्या दिवशी पावसाने नदी लाल होऊन चढली. नव्या रोपांसाठी खड्डे मारताना काठ खचला आणि बाबा पाण्यात गेले.

तेराव्यानंतर पाहणीला अधिकारी आले. उघड्या काठाकडे बघत म्हणाले, "बांबू का काढलात? जुनी झाडं राखणाऱ्यांनाही अनुदान होतं. मागच्या पानावर लिहिलंय."

ते गेल्यावर मी काठापर्यंत चालत गेले आणि पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाले,


"बाबा, मी पान उलटलंच नव्हतं."