द्रुपदाचं खातं

लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, तेव्हापासून चाळीस वर्षं ती सिंधूबाईच होती. १९९८ साली भावाला माळ्यावर एक पोस्टाचं पासबुक सापडलं. वडिलांनी ते तिच्या लहानपणी काढलेलं, म्हणून त्यावर तिचं माहेरचं नाव होतं, द्रुपदा.

जवळा बाजारच्या पोस्टातले बाबू म्हणाले, "द्रुपदा म्हणजे तुम्हीच, हे सांगणारं माणूस आणा. घरचं नको."

जुन्यांपैकी बाजारात बांगड्या विकणारी जुलेखाबी तेवढी उरली होती, पण तिला आता दिसत नव्हतं. सिंधूबाईनं पुढं केलेला हात तिनं सांध्यांपाशी दाबून पाहिला.

"द्रुपदे, हात अजून तसाच कडक हाय बघ. लग्नाचा चुडा भरताना किती रडून राहिली होतीस."

तिनं पोस्टात येऊन अंगठा दिला आणि बंद पडलेलं खातं सुरू झालं.

"किती काढायचे?" बाबूंनी विचारलं.

"काहीच न्हाई."

"मग एवढी तकलीफ काहून घेतली, बाई?"

"दरसाल व्याज चढवायला येत जाईन. तुमी फक्त पासबुकावरचं नाव वाचून मला हाक मारा."