प्रश्न अठरावा

रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणारे दोघेच, ताई आणि आबा. उद्या दोघांचीही ऑनलाइन परीक्षा, त्यामुळे जेवणाचे डबे बाजूला सारून सरावाच्या प्रश्नांवर हमरीतुमरी चाललेली.

"प्रश्न अठरावा," ताईने वाचलं. "बॅकअप नीट झाला, हे कशावरून ठरवाल? अ, हिरवी टिक येते. ब, रोज वेळेवर होतो. क, कोणाची तक्रार नाही. ड, यांपैकी काहीच नाही."

"अ," आबा म्हणाले. "चार वर्षं ती हिरवी टिक बघूनच मी सकाळचा चहा घेतो."

"ड. उघडून बघितल्याशिवाय बॅकअपचं काही खरं नसतं, आबा."

"उगाच कीस काढू नकोस. आपला कधी उघडून बघितलायस?"

तिने बघितला नव्हता. त्यांनीही नाही. मग पैज लागली. हरेल त्याने आठवडाभर साहेबांचे फोन घ्यायचे.

रिकाम्या मशीनवर कालचा बॅकअप उघडला. सोळा लाख पेशंटच्या जागी एकच नोंद आली, चार वर्षांपूर्वी चाचणीसाठी आबांनीच गमतीत भरलेली. नाव: आबा. तक्रार: काही नाही. प्रकृती: ठणठणीत.

चार वर्षं बॅकअप होत होता तो चाचणीच्या डेटाबेसचाच. ताईने लगेच खऱ्या डेटाबेसचा बॅकअप सुरू केला आणि मग ती टेबलावर डोकं टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटली. आबांनाही हसू आवरेना. तेवढ्यात फोन वाजला. पैजेप्रमाणे त्यांनीच उचलला.

"काय आबा, सर्व्हर कसा आहे?"

आबांनी स्क्रीनवरच्या त्या एकुलत्या एक नोंदीकडे पाहिलं आणि समोर होतं तेच वाचून दाखवलं.