बारा सह्या

न्यायाधीशांनी गुलाबी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. बायकोला मारलं म्हणून समोरच्या माणसाला तुरुंगात न धाडता त्यांनी बारा आठवडे समुपदेशनाला पाठवलं होतं. राग आवरायला शिकायचं आणि दर आठवड्याला "घरी त्रास नाही" याखाली या कार्डावर बायकोची सही आणायची, एवढीच अट. बाराच्या बारा सह्या होत्या. समुपदेशक बाईंचा शेराही होता : उत्तम सुधारणा.

मागच्या बाकावर शेवंता उजवा हात पदराखाली झाकून बसली होती. नवरा वळून तिच्याकडे बघत हसला, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

"साहेब, सहाव्यानंतरच्या सह्या बघा की जरा."

साहेबांनी चष्मा सारखा केला. पहिल्या सहा सह्या सरळ ओळीत होत्या. सातवीपासून अक्षरं पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखी वेडीवाकडी.

"त्या डाव्या हाताच्या आहेत." शेवंतानं पदर बाजूला केला. मनगट वाकडंच सांधलं होतं. "सातव्या आठवड्यात यानं उजवा मोडला. अन् कार्ड पुढं धरून डाव्यानं सही करायला लावली."

बाजूला बसलेल्या समुपदेशक बाई पुटपुटल्या, "अहो, मग मला येऊन सांगायचं नाही का?"

"तुम्ही कधी बोलावलंत मला?" शेवंता म्हणाली. "बारा आठवडे तुम्ही यालाच विचारत होतात, बायको कशी आहे म्हणून."