काटा चालू आहे

कुंदन ड्रायव्हरनं जीपची डिक्की उघडली, वजनकाटा काढला आणि चपलांसकट अंगणवाडीत घुसून छताच्या कडीला टांगला. खाली झोळी अडकवली. एकदा ओढून पाहिली.

"झालं बेबीताई. बलावतो आता वामनभाऊले."

बेबीताई सेविका नुसत्या बघत राहिल्या. दर सहा महिन्यांनी बालआरोग्य समिती तपासणीला यायची, आणि दर वेळी काटा समितीच्याच जीपमधून यायचा. कुंदननं टांगायचा, समितीनं पाहायचा, 'काटा आहे, चालू आहे' असं लिहायचं, की काटा पुन्हा जीपमध्ये. चालला पुढच्या गावाला. अंगणवाडीचा स्वतःचा काटा तीन वर्षांपूर्वीच मोडला होता. नवीन मिळावा म्हणून बेबीताईंनी सात अर्ज केले. सातही वेळा एकच उत्तर. तपासणी अहवालानुसार तुमच्याकडे काटा उपलब्ध आहे.

भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं राहिलं होतं.

आज कोपऱ्यात प्रतीक्षा बसली होती. मांडीवर तिची अडीच वर्षांची आचल. पोरीचे दंड म्हणजे नुसत्या काड्या. तिला अमरावतीच्या दवाखान्यात भरती करायचं होतं, पण त्याच्या चिठ्ठीवर वजन लागतं. काट्याविना वजन कुठून आणणार? मागच्या आठवड्यात बेबीताईंनी आचलला तिच्या आजोबांच्या, नत्थुजींच्या वाडीत नेलं आणि फुलकोबी तोलायच्या काट्यावर बसवलं. सात किलो साडेसातशे. आकडा कळवला, तर वरून फोन आला, "भाजीच्या काट्यावरचं वजन चालत नाही. तुमचा काटा वापरा ना!"

तुमचा काटा म्हणे.

समितीचे अध्यक्ष वामनराव मिशांवरचा चहा पुसत आत आले. खुर्चीत बसले. फॉर्म काढला.

"औषधपेटी?"

"पेटी आहे. गोळ्या दिवाळीतच सरल्या."

"पेटी आहे न? मंग 'आहे'." बरोबरची खूण. "वजनकाटा?" त्यांनी मान वर केली. "हा काय. आहे. चालू आहे."

"भाऊ, हा तुमच्या गाडीतला होय."

"मले मालूम नाई का? 'नाई' लिवलं का वरून दहा फोन येतात. खुलासा द्या, फोटो द्या. तुमी कावून माह्या डोक्याले ताप देऊन राहिल्या?"

त्यांनी सही केली. शिक्का मारला. कुंदननं टांगलेल्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि तिथूनच वर पाठवला. एक प्रत बेबीताईंच्या हातात आली.

बेबीताई कोपऱ्याकडे वळल्या. त्यांनी आचलला उचललं आणि झोळीत ठेवलं. दुसरं पोरगं असतं तर किंचाळून अंगणवाडी डोक्यावर घेतली असती. ही नुसती लोंबकळत राहिली. सात किलो आठशे. सरकारी काटा आणि फुलकोबीचा काटा, फरक अवघा पन्नास ग्रॅमचा. त्यासाठी पोरीचा आठवडा गेला होता.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. प्रतीक्षाच्या हातात दिली. "बाराची गाडी पकड. थांबू नको."

प्रतीक्षा उठून पोरीला झोळीतून घेऊन निघाली, पण दारात घुटमळली. "ताई, तिथून आल्यावर?"

"दर आठवड्याले वजन. इथंच."

"पन कायच्यावर?"

तेवढ्यात कुंदन काटा उतरवायला पुढं आला.

"हात लावू नको."

कुंदन हसला. मग बेबीताईंचा चेहरा पाहून त्याचं हसू जागीच विरलं.

बेबीताईंनी हातातली प्रत त्याच्या नाकासमोर धरली. "वाच. या अंगणवाडीत काटा आहे, चालू आहे. खाली भाऊची सही, शिक्का. आता तू हा उचलून नेला तर थे चोरी होईल न बाप्पा."

"बेबीताई, मजाक पुरे!" वामनराव खुर्चीतून उठले. "चार गावं बाकी आहेत अजून!"

"मंग खोडा. तुमच्या हातानं 'काटा नाई' लिवा. मी सोताच उतरवून देतो."

वामनरावांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. कुंदनकडे पाहिलं.

"फोटो गेला भाऊ," कुंदन हळूच म्हणाला.

पेन तसंच हवेत राहिलं. बाहेर जीप सुरूच होती, घर्रघर्र करत. प्रतीक्षा पोरीला खांद्यावर घेऊन जीपच्या बाजूनं बसथांब्याकडे निघाली होती. वामनरावांनी टोपण लावलं. त्यांचा आवाज एकदम पडला.

"अवो, पन मंग पुढच्या गावात आमी दाखवू काय?"

"दाखवाले कावून चालले भाऊ?" बेबीताई म्हणाल्या. "तपासाले चालले न तुमी?"