पुढचं गाणं

"दादा, सूर उतरतोय," शर्वाणीनं स्टुडिओच्या काचेआडून माइकवर पुन्हा सांगितलं. पलीकडे हेडफोन लावून बसलेल्या उदयननं नुसती मान डोलावली.

आयुष्यभर रॉक गायलेला हा माणूस एकाएकी लहानपणची सुगीची गाणी रेकॉर्ड करायला का बसला, कुणालाच कळेना. विचारलं की म्हणायचा, "ती अंगात मुरलीत गं. ऐकावी लागत नाहीत."

झालेलं गाणं त्याला ऐकवताना तिचा हात भलत्याच बटणावर पडला आणि त्याच्या हेडफोनमधला आवाज बंद झाला. तो मात्र डोळे मिटून, ठेका धरून डोलतच राहिला.

तिनं आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं डोळे उघडले आणि तिच्या ओठांकडे पाहिलं.

"कसं झालंय?"

"छान." आवाज न काढता तिनं नुसते ओठ हलवले.

"मग पुढचं घेऊ," तो म्हणाला.