चिमणी एकटी येणार होती

इंटरनेट सुरक्षित करायचं, तर मुलांच्या जगात मूल होऊनच उतरलं पाहिजे, असं बालसुरक्षा संस्थेच्या संचालकबाई दर सोमवारी गंभीरपणे सांगत. त्यामुळे मानसशास्त्रात पहिल्या वर्गात एम. ए. झालेली एक मुलगी रोज ऑफिसच्या वेळात अकरा वर्षांची असायची. जेवणाच्या सुट्टीत तिला आपल्या वयात यायची परवानगी होती.

मुलांच्या गप्पांच्या गटात तिचं नाव होतं लिंबू. ऑफिसातही सगळे तिला तेच म्हणू लागले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती, तेव्हा नाव शोभत होतं.

"लिंबू, तुझा भोवरा काय म्हणतोय?" बाईंनी खुर्चीमागे येऊन विचारलं.

"तो बारा वर्षांचा नाही, बाई. माझी खात्री आहे."

"खात्री पोलिसांना चालत नाही. पुरावा?"

"प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतो. रोज विचारतो, जेवलीस का. काल म्हणाला, खेळून कंबर धरली. बारा वर्षांच्या मुलाची कधी कंबर धरते का?"

बाईंनी नकळत स्वतःच्या कमरेवरचा हात काढला.

भोवरा लिंबूच्या मागे लागला असता तर लिंबूला बरंच वाटलं असतं. गळाला लावलेल्या गांडुळाचं कामच ते. पण तो सारखा चिमणीशी बोलायचा. चिमणी नऊ वर्षांची. गटात कोणी नवं आलं, की "ये ना, माझ्याशेजारी बस" म्हणणारी. आई-बाबा संध्याकाळपर्यंत बाहेर असतात, हेही तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मागे तिला ताप आला, तेव्हा लिंबूने न राहवून लिहिलं होतं, "किती आहे? मोजलास का?" त्यावर भोवरा लगेच म्हणाला होता, "पाणी भरपूर पी." लिंबूच्या अंगावर काटा आला होता.

संस्थेचा नियम होता, की भेटीची गोष्ट आपण काढायची नाही. समोरच्याने काढली, की तो अडकला. भोवराही काढत नव्हता. आठवडेच्या आठवडे लिंबू आणि भोवरा एकमेकांना गृहपाठ विचारत बसले.

"मुरलेला दिसतोय," बाई म्हणाल्या.

आणि शुक्रवारी चिमणीनेच लिहिलं, "उद्या दुपारी आपण तिघं भेटूया? बागेत, झोपाळ्यापाशी. मी एकटीच येईन. घरी नाही सांगणार."

लिंबूने घाईने टाइप करायला घेतलं. ती "नको" लिहायच्या आत भोवऱ्याचं उत्तर आलं.

"चालेल. मी पिवळी टोपी घालून येतो. लिंबू, तुझ्याबरोबर कोणी येणार आहे का."

"नाही. तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही."

बाईंनी ताबडतोब गट चालवणाऱ्या कंपनीला मेल करून चिमणीच्या घरचा पत्ता मागितला. मेल संबंधित व्यक्तीकडे पाठवली आहे, असं नम्र उत्तर आलं. पत्ता आला नाही.

शनिवारी दुपारी बागेत ऊन होतं आणि माणसं नव्हती. बाकावर एक तरुणी तेवढी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. साध्या कपड्यांतल्या पोलिसाने तिला दुसरीकडे बसायला सांगून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही.

लिंबू दोन वेण्या घालून, दप्तर लावून झोपाळ्यापाशी उभी राहिली.

"पोरगी आली की आधी तिला उचल आणि पळ," पोलीस कुंपणामागून कुजबुजला. "त्याच्याकडे आम्ही बघतो."

चिमणी आली नाही. पिवळी टोपी आली.

टोपीखाली तिशीचा, चष्मेवाला, पोट सुटू लागलेला माणूस होता. तो सरळ झोपाळ्याकडे आला. त्याने आधी वेण्या पाहिल्या, मग वेण्यांमधला चेहरा. त्याचा हात खिशाकडे गेला.

"धरा!" लिंबू किंचाळली.

"धरा!" तोही ओरडला.

कुंपणामागून दोन पोलीस धावले. घसरगुंडीमागून आणखी दोन. मधोमध येऊन चौघेही थबकले.

"अरे, तू इकडे कुठे?"

"ड्यूटी. तू?"

भोवरा बालसुरक्षेच्याच दुसऱ्या एका संस्थेत होता. त्याचीही नोकरी कायम नव्हती.

"पण कंबर धरली म्हणालास," लिंबू म्हणाली.

"धरलीच आहे. दिवसभर खुर्चीत बसून मूल व्हायचं म्हणजे चेष्टा आहे का? आणि ताप मोजलास का म्हणे! मी तेव्हाच ओळखलं, ही कोणीतरी बाई आहे."

पोलीस हसले. कुंपणामागून बाहेर आलेल्या बाईही हसल्या. लिंबू हसली नाही.

"चिमणी," ती म्हणाली. "ती एकटी निघालीये."

हसणं जागच्या जागी विरलं. दोन पोलीस फाटकाकडे पळाले. बाहेरच्या रस्त्यावरून भरधाव गाड्या जात होत्या. भोवऱ्याने टोपी काढली आणि पिळत उभा राहिला.

तेवढ्यात बाकावरची तरुणी उठून आली. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

"गटात कोणालाही एकटं वाटू नये, हे बघायचं काम माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही दोघं सारखी तब्येतीची चौकशी करायचात. म्हटलं, ही मुलं नव्हेत. एकदा बोलावून बघावं."

"तू चिमणी?"

"अजून कायम नाही झाले."

"अहो, मी तुम्हाला मेल केली होती!" बाई कडाडल्या.

"ती सोमवारी बघणार होते."

लिंबू मटकन झोपाळ्यावर बसली. बऱ्याच दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला.

"जाऊ दे. पोरं सुखरूप आहेत ना," ती म्हणाली. "ढब्बू, पिंगा, मनीमाऊ..."

"ढब्बू शिक्षण खात्यातले आहेत. पिंगा निवृत्त मुख्याध्यापिका, स्वयंसेवक म्हणून येतात. मनीमाऊ तुमच्याच पोलिसांची." तरुणीने ओळखपत्राची दोरी सारखी केली. "खरी मुलं सुट्टीतच गट सोडून गेली. हल्ली दुसरीकडे कुठेतरी असतात. कुठे, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही."