गाडीतला वास

गळती शोधायच्या यंत्राची नळी मिस्त्रीने गाडीच्या एसीच्या जाळीत खुपसली. गॅस गळत असेल तर ते टिकटिकतं. आज मात्र ते ब्र काढायला तयार नव्हतं. बॉनेटखालीही असंच मुकाट राहिलं होतं.

"गळती नसेलच," गाडीचा मालक ड्रायव्हरच्या बाजूच्या उघड्या दारात उभा राहून म्हणाला. "थोडा गॅस भरून द्या, झालं."

त्याची बायको मागच्या सीटवर होती. मांडीवर बाळाचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून ती उतरली नव्हती. काचाही वरच ठेवल्या होत्या.

"मिस्त्री, तुम्हाला वास येतोय का हो?" तिने हळूच विचारलं. "स्वयंपाकाच्या गॅससारखा. मला सकाळपासून येतोय. शेगडी चालू राहिली असेल म्हणून यांना दोनदा घरी परत फिरवलं."

"आणि दोन्ही वेळा शेगडी बंद!" नवरा हसला. "हिला भास होतात."

मिस्त्रीने श्वास ओढला. वास होता. गुडघ्यावर बसून त्याने नाक पायाखालच्या मॅटपाशी नेलं. तिथे तो चांगलाच दाट होता. एसीच्या गॅसला असा वास नसतो. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ज्या गॅसवर ते टिकटिकतं, तो या गाडीत नव्हताच.

"एसीत काय भरलंय?" त्याने मान वर करून विचारलं.

नवऱ्याने आधी बायकोकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "मीच भरला. घरच्या सिलिंडरमधला. त्यानेही तेवढंच गार होतं म्हणे. थांबा, काचा खाली घेतो." त्याने किल्लीकडे हात नेला.

"कशालाही हात लावू नका! एक ठिणगी पुरेल."

शेजारीच कुणीतरी पत्रा घासत होतं. ग्राइंडरच्या ठिणग्या फरशीवर उडत येत होत्या, इतका वेळ त्यांच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. "बंद कर ते!" मिस्त्री असा ओरडला की सगळं गॅरेज थांबलं. बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं.

त्याने मागचं दार उघडलं. "ताई, बाळाला घ्या आणि उतरा. बाकी काही उचलू नका."

पांघरुणाचं टोक सीटच्या पट्ट्यात अडकलं होतं. मिस्त्रीने ते ओढून पाहिलं, पण सुटेना. तो खरोखरच घाबरला होता, आणि लपवायला त्याला सवड नव्हती. शेवटी पांघरूण तिथेच टाकून तिने बाळाला छातीशी धरलं आणि ती सरळ फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबली.

नवरा मागोमाग आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तुम्हालाही वास येत होता?" तिने विचारलं.

"अगं, सांगितलं असतं तर तू उगाच घाबरली असतीस." त्याने बाळासाठी दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे, दमली असशील."

ती दोन पावलं मागे सरकली. गाडी तर केव्हाच लांब राहिली होती.